पल्पिट, मी आणि म्युरिएल

माझं स्पष्ट मत आहे: भीती डोक्यात राहते, आणि डोकं आपल्या मालकीचं असतं. मग घरमालकाने भाडेकरूला सामानासकट बाहेर काढावं, तसं तिला बाहेर काढता आलंच पाहिजे! हे मत मी आमच्या गावच्या पबमध्ये, हातात भरलेला ग्लास घेऊन, खणखणीत आवाजात मांडलं. ग्लास भरलेला असला की माझी मतं फार स्पष्ट असतात.

"म्हणजे यंदा तू पल्पिट चढणार, अल्विन?" कथबर्टने विचारलं. कथबर्ट म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र.

"चढणार म्हणजे काय! वर जाऊन टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करणार!"

पल्पिट हा आमच्या ओढ्यातला छातीएवढा खडक. चर्चमधल्या प्रवचनाच्या चौथऱ्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. शिवाय त्याच्यावर मोटरसायकल घालणारा माणूस मोठ्याने देवाचं नाव घेतो, हेही एक कारण असावं. आम्हा यॉर्कशरच्या डोंगरातल्या लोकांना ट्रायल्सचं वेड आहे. तुम्ही म्हणाल, मोटरसायकलची शर्यत. छे! वेगाला इथे कुत्रंही विचारत नाही. गाडीवर उभं राहून दगडगोटे, चिखल, ओढे पार करायचे, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की गुण चढतो, मध्येच थांबलं तर एकदम पाच, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. गोगलगाय आमच्या पुढे निघून जाईल, पण तिला पल्पिट चढता येणार नाही.

मलाही येत नव्हता. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी त्याच्यावरून उलटा खाली आलो. आधी मी, मग माझ्यावर मोटरसायकल. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण तेव्हापासून पल्पिट समोर आला की माझी बोटं ब्रेकला अशी चिकटायची, जशी डिंकाच्या बाटलीला झाकण. गाडी खडकापाशी जायची, थांबायची, आणि आम्ही दोघं त्या खडकाकडे म्युझियममधल्या वस्तूसारखं बघत बसायचो.

माझी बायको डल्सी मात्र पल्पिट असा चढते, जशी माळ्यावरची लोणच्याची बरणी आणायला निघालीय. बुटकी, चष्मेवाली, शांत बाई. जोडीच्या स्पर्धेत आम्ही दर वर्षी एकत्र उतरतो. यंदा मात्र नाश्त्याला टोस्टवर लोणी लावता लावता ती म्हणाली, "जोडीच्या स्पर्धेत मी कथबर्टबरोबर जाईन म्हणते. तू चहाच्या तंबूत बस."

चहाच्या तंबूत! मी! गावचा खाटीक! अर्धं डुक्कर खांद्यावर टाकून जिना चढणारा माणूस!

"आणि मी पल्पिट चढलो तर?"

"तर बघू," असं म्हणून ती माझ्याकडे न बघताच कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

झालं! आता इभ्रतीचा प्रश्न होता. आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात माझ्या दुकानात पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मांसाची कचोरी, घ्यायला ऑनर फेअरबर्न नावाची तरतरीत बाई आली. ती लीड्सहून नुकतीच आमच्या खोऱ्यात राहायला आली होती. खेळाडूंच्या मनाची दुरुस्ती करणं हा तिचा धंदा. मी तिचा पोर्क पाय कागदात बांधता बांधता तिच्यासमोर माझं मन उघडं केलं.

"सोपं आहे," ती म्हणाली. "आधी श्वास. सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. मग डोळे मिटून तो खडक मनात चढायचा, पुन्हा पुन्हा. आणि भीतीला एक नाव द्या. ती म्हणजे तुम्ही नव्हे, ती एक वेगळी व्यक्ती आहे असं समजा. तिच्याशी बोला. ठामपणे."

"कुठलंही नाव?"

"मनात येईल ते."

माझ्या मनात म्युरिएल आलं. लहानपणी मला पियानो शिकवणाऱ्या बाईंचं नाव म्युरिएल होतं. चुकीचा सूर लागला की बोटांवर पट्टी बसायची. भीतीला याहून शोभणारं नाव सापडलं नसतं.

मी त्याच दिवसापासून सरावाला लागलो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे उभा राहिलो, गुडघे वाकवले, हात पुढे धरले, डोळे मिटले आणि मनातला पल्पिट चढू लागलो. इंजिनाचा आवाज तोंडाने काढत होतो, त्याशिवाय चित्र पुरतं रंगत नाही.

"अल्विन रेस्ट्रिक! डावा हात हलवून दाखव!"

डोळे उघडतो तर समोर मिसेस पिकल्स! गावातली कुठलीही बातमी आधी या बाईंकडे जाते आणि मग घडते.

"डावा हात कसा हलवू? क्लचवर आहे!"

"अरे देवा, झटका आलाय, डोक्यातच गेलंय!" असं म्हणून त्यांनी मला खुर्चीत ढकललं, माझी कॉलर सैल केली आणि डल्सीला फोन केला. डल्सी आली, तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "काही झालं नाहीये, हा असाच आहे."

तेव्हापासून मी ठरवलं, सराव मागच्या थंड खोलीत करायचा. तिथे टांगलेल्या डुकरांखेरीज ऐकायला कोणी नसतं. एके दिवशी मी कमरेवर हात ठेवून म्युरिएलला चांगलंच सुनावलं.

"म्युरिएल, आता पुरे झालं! वर्ष होत आलं, माझ्या पाठीला चिकटून आहेस. तुझ्यामुळे डल्सीसमोर मान वर करता येत नाही मला! येत्या रविवारी तुला सोडणार. सगळ्यांदेखत!"

मागच्या दाराशी खट्ट वाजलं. मला वाटलं मांजर. ते मांजर नव्हतं. दुकानातून नेलेल्या पोर्क पायची रिकामी ताटली परत करायला मिसेस पिकल्स आल्या होत्या, आणि ताटली न देताच गेल्या.

संध्याकाळी पबमध्ये कथबर्टने माझ्याजवळ स्टूल ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अल्विन, मला काही म्हणायचं नाही. पण रविवारी? सगळ्यांसमोर? जरा आडबाजूला नाही का उरकता येणार?"

"मुळीच नाही! लपूनछपून करण्यात काय अर्थ?"

"आणि डल्सी?"

"अरे, तिच्यासाठीच तर करतोय! ती वर उभी राहून बघणार!"

कथबर्ट माझ्याकडे बघतच राहिला. मग अर्धा ग्लास तसाच टाकून घरी गेला. त्याने ग्लास अर्धा टाकलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, माझ्या निर्धाराने भारावला बिचारा!

घरी डल्सीने माझ्यासमोर गार हॅम ठेवलं, गार बटाटे ठेवले आणि म्हणाली, "रविवारी मी तुझ्याच जोडीला येते. मला बघायचंय."

"बघच!" मी म्हणालो. आणि नंतरचे दिवस ती एक अक्षर बोलली नाही. माझी एकाग्रता मोडू नये म्हणून! अशी समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं!

रविवारी ओढ्याकाठी अर्धं गाव जमलं होतं. एरवी ट्रायल्सकडे ढुंकून न पाहणाऱ्या बायका चर्चची हॅट घालून, घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या. माझ्या धैर्याची कीर्ती इतकी पसरली असेल अशी मला कल्पना नव्हती.

डल्सी आधी गेली. पाय न टेकता सरळ वर. मग वरच गाडी बाजूला लावून, हेल्मेट काखेत धरून उभी राहिली. खडकाच्या बाजूला, मी पडलो तर गाडी धरायला, कथबर्ट. आणि वरच्या टोकाला, जिथे दोन झेंड्यांमधून बाहेर पडलं की परीक्षा संपते, तिथे हातात पेन्सिल घेऊन पंच म्हणून उभ्या होत्या त्या मिसेस पिकल्स!

मी श्वास घेतला. सावकाश सोडला. आणि ठामपणे ओरडलो, "म्युरिएल! आजपासून तुझा माझा संबंध संपला! चालती हो!"

सगळ्या माना गर्रकन मागे वळल्या. घोळक्यात एक अनोळखी बाई होती, सहज फिरायला आलेली. अख्खं गाव तिच्याकडे बघू लागलं. त्या बिचारीने छत्री उचलली आणि खरंच चालती झाली!

मी गाडी पुढे काढली. पल्पिट जवळ आला. बोटं ब्रेककडे निघाली. इतक्यात वरून आवाज आला.

"अल्विन रेस्ट्रिक! ही म्युरिएल कोण?"

आमच्या अख्ख्या संसारात डल्सीने आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. मी वर पाहिलं. तिचा चेहरा पाहिला. आणि तुम्हाला सांगतो, खडकबिडक सगळं पुसलं गेलं! एकच कळत होतं, या बाईपर्यंत पोचलं पाहिजे, आणि लगेच पोचलं पाहिजे! बोटं सुटली, ॲक्सिलरेटरची मूठ पिळली गेली, कथबर्ट "अरे अरे" करत बाजूला झाला, आणि मी वर! पाय न टेकता! पुढचं चाक थेट डल्सीच्या बुटांपाशी!

मी गाडी थांबवली आणि जीव तोडून सांगितलं, "म्युरिएल बाई नाहीये! भीती आहे! माझी भीती! ऑनरने सांगितलं, तिला नाव दे म्हणून!"

"आणि ही ऑनर कोण?"

गर्दीतून ऑनर फेअरबर्नने भीत भीत हात वर केला. "मी. पण मी फक्त पोर्क पाय घ्यायला गेले होते हो!"

 मग डल्सीच्या चष्म्यामागे काहीतरी हललं, आणि ती खाली वाकून हसू लागली. पाठोपाठ सगळा काठ हसू लागला. मी विजयी मुद्रेने टोपी काढायला गेलो, तर डोक्यावर हेल्मेट.

"पाच गुण," मिसेस पिकल्स म्हणाल्या.

"पाच! अहो, पाय टेकला नाही मी!"

"नाही टेकलास. पण झेंड्यांच्या आत थांबलास. थांबला तो बाद. चढलास छान, रेस्ट्रिक, आणि मग बोलत बसलास."

झेंडे माझ्यापासून हातभर लांब होते.

आम्ही शेवटून पहिले आलो. घरी परतताना मोटरसायकली मागच्या ट्रेलरवर, मी स्टिअरिंगवर, डल्सी शेजारी. बराच वेळ ती खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघत होती.

"मलाही वाटते भीती," ती एकदम म्हणाली. "त्याच खडकापाशी."

"तुला? तू तर जिना चढल्यासारखी जातेस!"

"मी चढताना नाही रे. तू चढताना. मागच्या वर्षी तू खाली पडलास, वर गाडी, आणि तू हलत नव्हतास. कथबर्टबरोबर जाते म्हटलं, ते तू पुन्हा त्या खडकाकडे फिरकू नयेस म्हणून. आणि तू निघालास म्युरिएलला सोडायला!"

 मी काहीतरी हलकं बोलून गेलो. "मग तूही दे तिला एखादं नाव."

"दिलंय की. केव्हाच."

"काय?"

"अल्विन."

मी रस्ता तेवढा बघत राहिलो, अगदी टक लावून. बऱ्याच वेळाने डल्सीनेच माझ्या कोपराला हात लावला.

"अरे, गाडी वळव. घर मागेच राहिलं!"