पेठे आणि रवांडाचे गोरिला

लिफ्टमध्ये कुणी शिंकलं की आमचे शेजारी पेठे पुढच्याच मजल्यावर उतरतात आणि उरलेले मजले पायी चढतात. मी एकदा नुसतं नाक चोळलं, तर गृहस्थ तिसऱ्यालाच उतरले. राहतात नवव्यावर!

याला कारण रवांडा. तिथल्या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात गोरिला बघायचे म्हणून पेठ्यांनी तीन वर्षं रजा साठवली होती. सर्दी झालेल्या माणसाला तिथे वर सोडत नाहीत, कारण आपली सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतते. "नियम म्हणजे नियम, वहिनी," हे त्यांचं पालुपद.

शिवाय डोंगर चढायचा सराव हवा. हॉलंडातल्या आमच्या रायस्वाइकमध्ये डोंगर कुठून आणणार? इथे कालव्यावरच्या पुलालाच चढ म्हणतात. मग पेठे पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन आमचा जिना चढायचे. उद्यानाची नियमावली तर त्यांच्या अंगात इतकी मुरली, की ऑफिसात मॅनेजर चिडला की हे नजर खाली करून हळूच बसत. "गोरिला अंगावर आला तर असंच करायचं असतं." मॅनेजर म्हणे लगेच निवळतो.

जूनमध्ये गेले एकदाचे. परत आले, पण एक फोटो दाखवतील तर शपथ. मी चहाला बोलावलं तेव्हा कुठे बोलले.

"पायथ्याशी गाइडने विचारलं, कुणाला बरं नाही का? माझा घसा जरासा खवखवत होता. कुणाला कळलंही नसतं."

"मग?"

"हात वर केला."

मला रागच आला. तीन वर्षांची रजा! "अहो, लवंग चघळत गेला असतात की!"

"वहिनी, त्या गोरिलांच्या कुटुंबात पंधरा दिवसांचं पिल्लू होतं."

बाकीचे वर गेले, पेठे खाली बाकावर बसून राहिले. तिथला ज्वालामुखी ढगांतून काय सुरेख दिसतो, हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगितलं.

तेव्हापासून दर सोमवारी ते गाइडला पिल्लाची खुशाली विचारतात. परवा निरोप आला, पिल्लू बाळसं धरतंय, त्याचं बारसंही झालं; तिथे गोरिलांच्या पिल्लांना नाव ठेवायचा सोहळाच असतो. इथे बाळ झालं की टोस्टवर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या लावून वाटतात. पेठे ट्रे घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. तळमजल्यावरच्या डच आजींनी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी," पेठे म्हणाले.

आजींनी त्यांचे दोन्ही हात धरून तोंडभर अभिनंदन केलं. जगात स्वतःचं असं कुणीच नसलेला तो माणूस, डोळे पुसत, "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिला.