तिरोडकरांची हजेरी

दुबईत वर्षातून चार-पाच दिवस पाऊस पडतो, आणि करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी तीन छत्र्या आहेत. सगळ्या निळ्या आणि सगळ्यांवर एकाच बोटीचं चित्र. त्याच चित्राचे टॉवेल आहेत, पत्त्यांचे कॅट आहेत, उन्हाच्या टोप्या आहेत. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, रोज सकाळी तीच टोपी घालून गाड्या धुतो, तेव्हा लांबून एखाद्या जहाजाचा कप्तान बादली घेऊन उभा असल्यासारखा दिसतो. हा सगळा माल वसंत तिरोडकरांनी बोटीवरच्या कॅसिनोतून आणलेला.

कॅसिनो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सिगार ओढणारा कोणी आला असेल तर त्याला आधी घालवा. तिरोडकर तळमजल्यावर बेडस्पेसवर राहतात. एका खोलीत चार पलंग, त्यातला एक त्यांचा. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, वय बासष्ट. पँट बेंबीच्या वर, खिशाला दोन पेनं, शर्टाचं गळ्याजवळचं बटण जुलैतसुद्धा लावलेलं. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका बांधकाम कंपनीत ते टाइमकीपर होते. कोण कामावर आलं, कधी आलं, कधी गेलं, हे पस्तीस वर्षं लिहिलं. मग चेहरा ओळखणारं यंत्र आलं आणि कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळायला बसवलं. डोक्यातलं घड्याळ मात्र चालूच राहिलं. जिन्यात भेटले की म्हणणार, "वहिनी, तुमचो कुकर आज सात बाविसाक झालो. काल सात अठराक झालेलो."

ह्या माणसाला कॅसिनोचा नाद लागला, त्याला अप्रत्यक्षपणे मी जबाबदार आहे.

झालं असं, की तरुणपणापासून मला सोडतीच्या कुपनांचं वेड. इथल्या सुपरमार्केटमध्ये अमुक दिरहॅमची खरेदी केली की कुपन मिळतं, भरून पेटीत टाकायचं, सोडतीत गाडी लागते. मी चाळिशीत होते तेव्हा तीन महिने लागोपाठ कुपनं भरली. नवऱ्याच्या नावाने, मुलाच्या नावाने, पुण्याच्या सासूच्या नावाने. कुपनांसाठी एवढे तांदूळ-साबण घरात आणून ठेवले, की ह्यांनी विचारलं, युद्धबिद्ध होणार आहे का. इतकं करून मला काय लागलं, तर भिंतीवरचं घड्याळ. तेसुद्धा बंद. पण वेड गेलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एकदा हात दुखायला लागला, म्हणून एक कुपन उरलं ते मी तिरोडकरांना देऊन टाकलं. त्यांना दोघांची क्रूझ लागली. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

दोघांची क्रूझ, पण गेले एकटेच. तिथे कोणीतरी त्यांना सांगितलं की कॅसिनोत मशीनवर बसलात तर पॉइंट मिळतात, आणि पुरेसे पॉइंट झाले की पुढल्या हंगामात केबिन फुकट. तेव्हापासून दर हिवाळ्यात, बोटींचा हंगाम आला की, तिरोडकर सुट्टी टाकून निघतात. कोणी जुगारी म्हटलं की त्यांना फार लागतं. "मी खेळाक जाणंय नाय वहिनी. हजेरी लावूक जातंय."

आणि ते खरं होतं, हे मी गेल्या फेब्रुवारीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझा मुलगा, सून आणि नात बोटीने निघाले, मलाही घेतलं. आम्ही पैसे भरून, तिरोडकर फुकट, बोट एकच.

कॅसिनो उघडायला बोट किनाऱ्यापासून पुरेशी लांब जावी लागते. तोपर्यंत तिरोडकर बंद दारासमोर उभे. बाकी लोक हवाई बेटांच्या फुलांचे शर्ट घालून आलेले, हे इस्त्रीचा फुलशर्ट आणि हातात जेवणाचा डबा. दार उघडलं की कोपऱ्यातलं सगळ्यात मंद मशीन धरायचं. केबिनच्या किल्लीचं जे कार्ड असतं, तेच मशीनच्या फटीत घालायचं. ते कार्ड एका कुरळ्या दोरीने शर्टाच्या बटणाला अडकवलेलं, त्यामुळे माणूस मशीनला सलाईन लावल्यासारखा दिसतो. मग सगळ्यात कमी पैशांचं बटण. दाबायचं, थांबायचं, दाबायचं. जिंकलात की हरलात ह्याला किंमत नाही, किती वेळा दाबलंत त्याचे पॉइंट. एक ते दोन जेवणाची सुट्टी. चार वाजता चहा. लघवीला जाताना शेजारच्या रशियन बाईला सांगून जायचे, तेही मराठीत, आणि ती मान डोलवायची.

कॅसिनोच्या मेंबरला दारू फुकट. तिरोडकर लिंबूसोडा पितात. स्टेकचं स्पेशल जेवण फुकट. शुक्कीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गुरुवार सोडू नका म्हणून शपथ घातलेली, आणि ते आमंत्रण नेमकं गुरुवारचं. उकडलेला बटाटा काट्याने खात ते एकटे दोन माणसांच्या टेबलावर बसले होते. समोर दुसरं ताट तसंच मांडलेलं. मी म्हटलं, "अहो, वाढप्याला सांगा की उचलायला." तर म्हणाले, "असूं दे. कार्डार दोन माणसा हत."

माझी नात म्हणाली, "आजी, ही इज सो क्यूट." मला काही क्यूटबिट वाटलं नाही. मला वाटलं, फुकट्या आहे, ताटसुद्धा सोडवत नाही.

असं फटकन मत बनवण्याची मला जुनी सवय आहे. ह्या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा मी पस्तिशी ओलांडलेली, इंजिनिअरची बायको, फॅमिली व्हिसावर आलेली, केसांचा बॉब केलेला. ज्यांना पगार कमी म्हणून बायको आणता येत नाही, त्या सगळ्यांना इथे बॅचलर म्हणतात. घरी चार मुलं असली तरी. असा एक बॅचलर रोज संध्याकाळी आमच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसायचा. मी सुवाच्य अक्षरात, इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत सूचना लिहून चिकटवली: "येथे कुटुंबे राहतात. बॅचलर्सनी जिन्यात बसू नये." अक्षराचं कौतुक झालं म्हणून खाली नक्षीही काढली. तो माणूस दुसऱ्या दिवसापासून बसला नाही. वाटेत दिसला की बाजूला होऊन म्हणायचा, "वहिनी, नमस्कार." तोच हा तिरोडकर. मला तेव्हा वाटलं होतं, सूचना चांगली लागू पडली.

तर बोटीवर. शेवटच्या दिवशी दुपारी सून मला म्हणाली, तिरोडकरकाका रडवेले दिसतायत, बघा जरा. मी गेले. संध्याकाळी पाचला बोट किनाऱ्याच्या हद्दीत शिरणार, कॅसिनो बंद. आणि त्यांना पुढल्या हंगामाच्या केबिनसाठी थोडे पॉइंट कमी पडत होते. बटण दाबण्याचा वेग पहिल्यांदाच वाढलेला. मी म्हटलं, मीही पलीकडच्या मशीनवर बसते, तुमच्या नावाने दाबते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांना सोनं पळवायला सांगितलंय.

"दुसऱ्याची हजेरी मी कधी लावूक नाय, नि माझी कोणाक लावूक दिलंय नाय."

"मग पुढच्या वर्षी या की."

"पुढच्या मार्चात व्हिसा खलास, वहिनी. कंपनी आता वाढवून देणा नाय. ह्यो एकच हंगाम ऱ्हवलो."

पाचाला वीस मिनिटं असताना मशीन अचानक बोंबलायला लागलं. दिवे, भोंगा, नाणी पडल्याचा आवाज. तिरोडकरांना जॅकपॉट लागला होता. आजूबाजूचे लोक धावले, टाळ्या वाजल्या, रशियन बाईने त्यांच्या गालाचा मुका घेतला. माझ्या मुलाने डॉलरचे दिरहॅम आणि दिरहॅमचे रुपये मोठ्याने केले. आणि तिरोडकर मात्र बटणावर बोट आपटत होते, आपटत होते. मोठी रक्कम लागली की मशीन कुलूप लावून बसतं. माणूस येतो, पासपोर्ट बघतो, सह्या घेतो, मग उघडतं. तो माणूस हसत हसत आला, पाच वाजायला पाच कमी असताना. सह्या झाल्या. कॅसिनो बंद झाला.

एवढे पैसे जिंकून एवढा दुःखी झालेला माणूस त्या बोटीने पाहिला नसेल.

सून म्हणाली, "काका, ह्या पैशांत दोघांची केबिन विकत येईल. बाल्कनीवाली." त्यावर त्यांनी मान हलवली, आणि मग हळूहळू काय ते सांगितलं. पस्तीस वर्षांत चार वेळा पैसे साठवून त्यांनी बायकोला इथे फिरायला बोलावलं. चारही वेळा ती म्हणाली, कशाला खर्च. आधी घर कौलारू आहे त्याचं बघा, मुलीचं लग्न बघा, विहिरीचं बघा. मग क्रूझ लागली, आणि त्यांनी फोनवर सांगितलं की फुकट आहे. तेव्हा पहिल्यांदाच ती "नको" म्हणाली नाही. "बघूया" म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी ते फुकट केबिन मिळवतात, दर वर्षी ती "बघूया" म्हणते.

"विकतचा म्हटल्यार ती येवची नाय," तिरोडकर म्हणाले. "फुकटचा आसा म्हणान तरी आशा."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली. पस्तीस वर्षांचा हात, सुरेख रकाने. प्रत्येक क्रूझच्या तारखेखाली दोन नावं. वसंत तिरोडकर, हजर. शुक्की तिरोडकर, आणि पुढे कोरी जागा. सात वर्षांच्या सात कोऱ्या जागा.

मला खोड्या काढल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "एवढे नियमाचे पक्के, मग गैरहजेरी का नाही मारलीत?"

"दिस बुडाल्याशिवाय गैरहजर मारूची नसता, वहिनी," ते म्हणाले. "माणसा उशिरा येतत."



घरी आल्यावर मी त्यांच्याकडून नंबर घेतला आणि वेंगुर्ल्याला फोन लावला. मी पंचाहत्तरीला टेकलेली बाई आहे, मला कोणाच्याही बायकोला फोन करायची परवानगी आहे. सरळ विचारलं, "शुक्कीबाई, सात वर्षं माणूस फुकट म्हणतोय, तुम्ही येत का नाही?"

पलीकडे नारळ खवल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"फुकटचा आसा म्हणान बोलावतत," त्या म्हणाल्या. "जागा रिकामी जाता म्हणान. माझ्यासाठी म्हणान एक तिकीट कधी काढल्यानी?"

"अहो, पण तुम्हीच खर्च नको म्हणत होता ना?"

"मी नको म्हणतलंय. त्येनी ऐकूचा कित्याक?"

मी फोन ठेवला आणि तळमजल्यावर गेले. तिरोडकरांना तेवढंच वाक्य सांगितलं, त्यात माझं काही घातलं नाही. ते पलंगाच्या कडेवर बसले होते. आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, जणू तेच चुकीची वेळ दाखवत होतं. मग उठले, वरचं बटण नीट केलं आणि त्याच संध्याकाळी जाऊन डिसेंबरचं तिकीट काढून आले. विमानाचं आणि बोटीचं, दोन्ही विकत. कुठलंही कार्ड दाखवलं नाही, सवलत मागितली नाही. तिकीट विकणाऱ्याने मेंबर आहात का विचारलं, तर नाही म्हणाले. आयुष्यातलं पहिलं खोटं असावं.

शुक्कीबाई डिसेंबरात आल्या. बोटीवर पाच दिवस राहिल्या. परत आल्यावर मी विचारलं, कसं काय, तर चहाला चव नव्हती, भात कच्चा होता आणि समुद्र वेंगुर्ल्याच्या समुद्रासारखाच होता, फक्त भाडं जास्त. तिरोडकर हे सगळं ऐकत होते आणि त्यांचं तोंड मिटत नव्हतं. पॉइंट किती झाले, असं मी विचारलं. ते कॅसिनोत गेलेच नव्हते.

त्या दिवशी त्या दोघांना मी वर जेवायला बोलावलं होतं. लिफ्ट बंद. शुक्कीबाईंचे गुडघे दुखरे. तीन पायऱ्या चढून त्या टेकल्या, आणि बसल्या त्या जागेकडे, वरच्या दिव्याकडे बघत राहिल्या.

"हीच ती पायरी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

मी कठड्याला धरून वर उभी होते. मला वाटलं, झालं, आता सूचनेची गोष्ट निघणार.

पण शुक्कीबाई माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "ताई, माझी पत्रा हे हय बसान वाचीत. खोलयेत साहा माणसा, उजेड नाय. लिवीत, तिसऱ्या पायऱ्येर उजेड बरो आसा. मगे एकदा लिवल्यानी, आता पत्र रस्त्याच्या दिव्याखाली वाचतंय, हय वारो बरो येता."

तिरोडकर खाली मान घालून वही चाळत होते. नक्षीवाल्या सूचनेचं त्यांनी बायकोला तेव्हाही कळवलं नव्हतं, आणि आत्ताही सांगितलं नाही.

"आधी सही कर," म्हणाले, आणि खिशातलं दुसरं पेन काढून तिला दिलं.

शुक्कीबाईंनी चष्मा लावला. डिसेंबरच्या तारखेपुढे सावकाश सही केली. मग पान मागे उलटलं आणि आधीच्या सात कोऱ्या जागांकडे पाहिलं. "हेचा काय?" त्यांनी विचारलं. त्यावर तिरोडकर म्हणाले, ते राहू दे. 

मी वर जाऊन कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा जिन्यातून आवाज आला नाही. ते दोघं अजून तिसऱ्याच पायरीवर बसले होते, आणि किती वाजले हे त्यांनी सांगितलं नाही.