तायडे डॉक्टर, त्यांची गाडी आणि शब्बीर मिस्त्री

तायडे डॉक्टर रोज सकाळी साडेपाचला आपल्या गाडीला स्टेथोस्कोप लावतात. बॉनेट उघडं, इंजिन चालू, डॉक्टरांचे डोळे मिटलेले, आणि त्यांच्या सायलेन्सरपासून आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी बरोबर चार हातांवर. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. सहा वर्षं मी या माणसाचा शेजारी आहे आणि सहा वर्षं मी चिडलेला आहे.

पहिल्या वर्षी मी एकदा तसाच लुंगीवर बाहेर गेलो आणि म्हणालो, "डॉक्टर, हे दहा वाजता नाही करता येत का?"

त्यांनी एक कान मोकळा केला. "थंडं इंजिन खरं बोलते, सर. तापलं का मंग ते बी मानसासारखं खोटं बोलते."

"अहो, पण आमची झोप..."

"तुमची झोप का माह्या पिस्टनपेक्षा मोठी आहे?" असं म्हणून त्यांनी कान पुन्हा बंद केला. मी घरात आलो. बायको म्हणाली, "सांगितलं का?" मी म्हणालो, "सांगितलं." दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा तेच.

आता, डॉक्टर म्हणजे ते डॉक्टर नाहीत. मोताळ्याच्या ढोरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. तीस वर्षं बैलांचे खांदे धुतले, म्हशींना पट्ट्या बांधल्या आणि लाथा खाल्ल्या. लोक डॉक्टर म्हणू लागले, आणि त्यांनी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. निवृत्त झाल्यावर ढोरं सुटली, ही गाडी राहिली. लाल रंगाची, आठशे सीसीची, कार्बोरेटरवाली. असल्या गाड्या गावात आता दोनच उरल्यात. दुसरीत कोंबड्या बसतात.

या गाडीवर डॉक्टरांनी जे प्रयोग केलेत, ते बघून कोणत्याही शहाण्या माणसाला राग येईल. रेडिएटरचा पंखा आपला आपण चालू होतो यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून स्टिअरिंगशेजारी घरातल्या विजेचं बटण बसवलंय. गिअरचं तेल भरायला म्हशीला इंजेक्शन द्यायची जाड सिरिंज. वायरी उघड्या पडल्या की त्यांवर बँडेज, आणि तेही नीट, शेवटी टोक फाडून गाठ मारलेलं. स्प्रिंगांखाली रबराचे जाड तुकडे घालून त्यांनी गाडी दोन बोटं उचलली आहे, त्यामुळे ती चिखलातून लुगडं वर धरून चाललेल्या बाईसारखी दिसते.

"का उचलली?" मी विचारलं.

"बुलडाण्याच्या रस्त्यानं जाऊन पाह्यलं का कधी? ते गतिरोधक नाही, सर, बंधारे आहेत. पानी अडवाचं सोडून गाड्या अडवून राह्यले."

डॉक्टरांचा राग असा कायम तयार असतो. गतिरोधकावर राग, मागून हॉर्न देणाऱ्यावर राग, हॉर्न न देता पुढे जाणाऱ्यावर तर जास्तच. पुण्याहून मुलगा नवी गाडी घेऊन आला तेव्हा त्यांनी चहाच्या आधी तिचं बॉनेट उघडायला लावलं. आत काळं प्लॅस्टिकचं झाकण. बराच वेळ बघून म्हणाले, "याच्यात इंजिन आहे हे तुले कोणी सांगतलं?" मुलगा हसून म्हणाला, "बरोबर आहे बाबा." डॉक्टर त्या दिवशी जेवायला बसले ते पाठ फिरवून.

पण त्यांचा खरा राग राखीव होता तो शब्बीर मिस्त्रींसाठी.

शब्बीर मिस्त्रींचं गॅरेज बाजाराच्या वळणावर, घराला लागूनच. वीस वर्षं ते डॉक्टरांची गाडी नीट करत आले आणि वीस वर्षं डॉक्टर ती घरी नेऊन बिघडवत आले. भांडण कार्बोरेटरच्या एका पेचाचं होतं. इंजिनात हवा किती आणि पेट्रोल किती हे तो बारकासा पेच ठरवतो. मिस्त्री तो लावून द्यायचे, डॉक्टर घरी येऊन अर्धा फेरा फिरवायचे, गाडी खोकायची, डॉक्टर संतापून गॅरेजात.

"काय लावलं हे? घाटात श्वास लागते तिले."

"हात लगाया क्या तुमने?"

"माही गाडी आहे."

"डाक्टरसाब, गाडी तुमची है, पर ये भैस नहीं है. हर मर्ज में अर्धा फेरा नहीं चलता."

मग आवाज चढायचे. बाजाराच्या दिवशी लोक पिशव्या खाली ठेवून ऐकायचे. जमीलाभाभी, म्हणजे मिस्त्रींची बायको, आतून चहा पाठवायच्या. दोघं एकमेकांकडे पाठ करून प्यायचे. डॉक्टर निघताना दर वेळी जाहीर करायचे की या गॅरेजात हे आपलं शेवटचं पाऊल. आठवडाभरात ते शेवटचं पाऊल पुन्हा पडायचं.

मागच्या उन्हाळ्यात मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. बुलडाण्याच्या दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. कळत सगळं होतं, पण शब्द निघत नव्हता. दवाखान्यात सांगितलं होतं की त्यांना बोलायला लावा. अ म्हणा, आ म्हणा. मिस्त्री अ म्हणत नव्हते आणि आ पण म्हणत नव्हते. ओसरीवर बाजेवर बसायचे आणि बंद गॅरेजच्या शटरकडे बघायचे.

सगळं गाव भेटायला गेलं. मीही गेलो, सफरचंदं घेऊन. डॉक्टर माझ्याबरोबर होते. पाच मिनिटं बसले, एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मात्र असे भडकले की मला वाटलं आता यांनाच झटका येतो.

"सफरचंदं आणता तुम्ही? सफरचंदं? त्या बाजेखाली आठ किलो सफरचंदं पडून आहेत. सारे त्याच्यासंग असे बोलून राह्यले जसं तो मेला आहे. मिस्त्री, बरं वाटते का. मिस्त्री, आराम करा. अरे, त्यानं का आराम केला जिंदगीत? त्याचे डोळे पाह्यले का तुम्ही?"

"मग काय बोलायचं असतं?" मीही तडकलो. "आजारी माणसाशी भांडायचं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ताडताड चालू लागले.

त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. डॉक्टरांची गाडी घरी इतकी गोड चालायची की मला साडेपाचला जागही येईना. आणि बाजाराच्या वळणावर गेली की बंद. रोज. मिस्त्रींच्या ओसरीसमोर, बरोबर त्याच जागी. डॉक्टर बॉनेट उघडून तासभर खुडबुड करायचे, आरडाओरडा करायचे, मागच्यांचे हॉर्न ऐकून त्यांना शिव्या द्यायचे आणि निघून जायचे. लोक म्हणू लागले, म्हाताऱ्यानं आता गाडी भंगारात द्यावी. मी शिकवतो त्या कॉलेजात तर पैजा लागायच्या, आज किती वेळ.

एके दिवशी माझी मोटरसायकल पंक्चर झाली. परीक्षेचा दिवस, माझी पर्यवेक्षणाची पाळी. डॉक्टर म्हणाले, "बसा, सोडतो." मी बसलो. गाडी पाण्यासारखी चालत होती. बाजाराचं वळण आलं आणि माझ्या डोळ्यांदेखत या माणसानं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"डॉक्टर, हे काय करता?"

"बंद पडली."

"तुम्ही बंद केली. मी बघितलं."

"उतरा. बॉनेट धराले माणूस पाह्यजे."

मी खाली उतरलो ते भांडायलाच. पंधरा मिनिटांत मला वर्गावर हजर व्हायचं होतं. मी म्हणालो की तुम्ही आमची झोप खाल्लीत, आता नोकरीही खा. बराच बोललो. सहा वर्षांचं साठलेलं होतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सारं मोठ्यानं बोला, सर. त्याले ऐकू जाऊ द्या."

तेव्हा मी ओसरीकडे बघितलं. मिस्त्री बाजेवर ताठ बसले होते. शटरकडे नाही, आमच्याकडे बघत.

डॉक्टरांनी एक प्लग काढला, फुंकला, पुन्हा बसवला. मग स्पॅनरच्या दांड्यात हातभर लांब लोखंडी पाइप अडकवला. मला यातलं काही कळत नाही, पण इतकं ऐकून माहीत होतं की त्या इंजिनचं डोकं अॅल्युमिनियमचं असतं आणि प्लग हलक्या हातानं आवळायचा, नाहीतर आटे जाऊन इंजिन कामातून जातं. हे मिस्त्रींनीच डॉक्टरांना शंभरदा ओरडून सांगितलं होतं.

"बसतच नाही नीट," डॉक्टर सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले. "आता जोर लावतो. पुरा जोर." आणि दात खाऊन पाइपवर वाकले.

मी बॉनेट धरून अगदी जवळ उभा होतो. स्पॅनर प्लगवर नव्हताच. तो प्लगच्या शेजारी, रिकाम्या जागेत होता. डॉक्टर हवा आवळत होते. कपाळावर घाम मात्र खरा होता.

ओसरीवरून घशात काही अडकल्यासारखा आवाज आला. मिस्त्रींचा डावा हात वर गेला होता. तोंड वाकडं झालं होतं, मान हलत होती.

डॉक्टरांनी वर बघितलं नाही. "अजून एक फेरा," ते म्हणाले.

"ह..." मिस्त्री म्हणाले. "ह... हट."

जमीलाभाभी पिठाच्या हातांनी दारात आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

"कोण बोललं?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, पण पाइप त्यांनी सोडला नाही. "मले ऐकू येत नाही. मी तर आवळनार."

"हट बे," मिस्त्री म्हणाले. स्पष्ट. आणि त्यापुढे एक शब्द असा म्हणाले, जो मी इथे लिहू शकत नाही.

वीस वर्षांच्या भांडणात मिस्त्रींनी डॉक्टरसाहेबांना कधी 'बे' म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी पाइप खाली ठेवला. हात पुसले. ओसरीपर्यंत गेले आणि तावातावानं म्हणाले, "तुले का समजते रे? तूच लावला होता हा प्लग. तुह्यामुळंच झालं हे सारं." एवढं बोलून ते मागे फिरले, गाडीत बसले आणि दार लावून घेतलं. मी बॉनेट पाडून शेजारी बसलो. कॉलेजपर्यंत ते एका हातानं गाडी चालवत होते आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत गतिरोधक बांधणाऱ्यांना शिव्या देत होते.

वर्गावर मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. प्राचार्यांची बोलणी मुकाट खाल्ली.

मिस्त्रींची वाचा पुढच्या चार-पाच महिन्यांत बरीचशी आली. आधी शिव्या आल्या, मग पान्यांचे नंबर, मग गाडीच्या सुट्या भागांची नावं. जमीलाभाभी आजही कुरकुरतात, "हमारा नाम कार्बोरेटर के बाद आया." उजवा हात मात्र आला नाही. गॅरेजचं शटर आता सकाळी नऊला उघडतं. मिस्त्री खुर्चीवर बसून हुकूम सोडतात आणि डॉक्टर हातात पाना घेऊन लोकांच्या गाड्यांखाली झोपतात. चुकतात. आता खरोखर चुकतात. मिस्त्री अडखळत त्यांच्या सात पिढ्या उद्धारतात, आणि डॉक्टर खालून उलट बोलतात.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ते अंगणात रॉकेलनं हातांचं ग्रीस काढत बसले होते. मी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला कसं सुचलं हो ते? रोज गाडी बंद पाडायचं?"

"तुम्हीच तर म्हनले होते, भांडाचं का म्हनून."

"मी रागानं म्हणालो होतो."

"मंग? रागानं म्हनलेलं खोटं असते का?" थोडा वेळ ते नखं घासत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी बायकोचं नाव काढलं. "कुसुम होती तवा रोज भांडाची. भाजी कमी आणली, जास्त आणली, पाय धुतले नाही. ते गेली अन् सारे माह्यासंग चांगलं बोलाले लागले. पोरगा फोनवर म्हन्ते, हो बाबा, बरोबर आहे बाबा. सून म्हन्ते, बरोबर आहे. अख्ख्या दिवसात मले कोणी चूक म्हनत नाही, सर. घरात बसून बसून वाटते, आपन आहो का नाही." त्यांनी हात झटकले. "एक मिस्त्री होता. तो बी चूप बसला असता, तर मी का केलं असतं?"

ते उठले, आत गेले आणि दोन कप चहा आणि किटली घेऊन आले. एकट्या माणसाच्या घरातला चहा, साखर अंदाजानं ओतलेली. पहिल्या घोटालाच दात ठणकले. एरवी मी "छान झालाय" म्हणून संपवला असता.

"डॉक्टर," मी म्हणालो, "हा काय चहा आहे? नुसता पाक झालाय. तुम्हाला साधा चहा करता येत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. भुवया वर गेल्या. "चहातलं तुम्हाले का समजते? घरी बायकोच्या हातचा पेता, अन् इथं मले शिकवता?"

"समजत नसेल. पण हा चूक आहे."

"मंग नका पिऊ," ते ओरडले, आणि किटली उचलून त्यांनी माझा कप पुन्हा काठोकाठ भरला.