अठराव्या खंडाची लगीनसराई

"आहेर या विषयावर माझ्यानंतर कुणाला लिहायला काही शिल्लकच राहणार नाही!" प्राध्यापक सर्जेराव उढाण यांनी जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केलं. श्रोत्यांमध्ये पत्नी प्रभावतीबाई, चार वर्षांची बेबीनंदा आणि स्टोवरचं दूध, एवढेच होते. त्यांतलं दूध तेवढं भारावून उतू गेलं.

"माझे हात पिठात हायेत," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आधी स्टो बारीक करा. जगाला मंग सांगा."

सर्जेराव जालन्याच्या कॉलेजात शिकवत आणि विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी मानववंशशास्त्राचा प्रबंध लिहीत. विषय होता लग्नातली देवाणघेवाण. त्यातलं चौथं प्रकरण त्यांना स्वतःलाच इतकं आवडे की ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत. त्यामुळं घरी येणारे कमी झाले होते आणि जाणारे वाढले होते. त्या प्रकरणाचं सार एका वाक्यात होतं : 'एकदा पुकारलेला आहेर परत मागता येत नाही, तो फक्त पुढे जातो.'

एवढं सोन्यासारखं वाक्य! पण एका इंग्रजी त्रैमासिकाच्या संपादकांनी त्यावरचा लेख साभार परत पाठवला. सोबत एकच ओळ : 'निष्कर्ष भरपूर आहेत, संदर्भ कुठे आहेत?'

संदर्भ विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता. एका विलायती वार्षिकाचा अठरावा खंड. दूर कुठल्याशा बेटांवरची माणसं होड्यांत बसून एकमेकांना शंखांच्या माळा भेट देत फिरतात, आणि त्या माळा कुणाच्याच घरी मुक्कामाला राहत नाहीत, असं त्यात दोनशे पानं लिहिलेलं होतं. हा खंड अख्ख्या मराठवाड्यात एकच. आणि तो ग्रंथपाल अण्णासाहेब देहाडराय यांच्या ताब्यात! अण्णासाहेबांचं प्रामाणिक मत असं की, पुस्तकं वाचल्यामुळं खराब होतात. त्यामुळं कुणी पुस्तक मागितलं की ते त्या माणसाकडं, सोयरीक मागायला आलेल्या बेकार पोराकडं पाहावं, तसं पाहत.

"संदर्भग्रंथ बाहेर जात नाही," ते म्हणाले.

सर्जेरावांनी विभागप्रमुखांचा शब्द घातला. स्वतःचा घातला. शेवटी चौथं प्रकरण वाचून दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर अण्णासाहेबांनी खंड काढून दिला.

"पण एक जूनच्या आत परत पाहिजे. न्हाई आला तर ना-देय दाखला मिळणार नाही. आणि दाखला नाही तर प्रबंध घेत नाहीत, माहीत आहे ना? आणि धूळ लागू देऊ नका बिलकुल!"

धुळीची आज्ञा प्रभावतीबाईंनी फार मनावर घेतली. बेबीनंदाच्या बारशाचं उरलेलं लाल मखमली कापड ट्रंकेतून काढलं, खंड त्यात गुंडाळला आणि वरून अशी गाठ मारली की विलायतेतला लेखक आला असता तरी सोडवू शकला नसता.

इथंच चूक झाली. लाल कापडात गुंडाळून गाठ मारलेल्या वस्तूला आपल्याकडं पुस्तक म्हणत नाहीत.

त्या साली लग्नांचा नुसता पूर आला होता. दुष्काळानं दोन वर्षं अडवून ठेवलेली सगळी लग्नं एकाच वैशाखात निघाली. सर्जेरावांना तर पर्वणीच! त्यांनी खंड काखोटीला मारला आणि ते कुंभार पिंपळगावला अप्पारावांच्या पोराच्या लग्नाला गेले. बेटांवरची माळ आणि मराठवाड्याची टोपी यांची जागच्या जागी तुलना करायची, असा बेत.

तुलना छान चालली होती. तेवढ्यात अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. आता अक्षता टाकायच्या तर हात मोकळे पाहिजेत. म्हणून सर्जेरावांनी खंड शेजारच्या टेबलावर ठेवला. ते टेबल आहेराचं होतं. टेबलामागं माइक घेऊन वसंता बसला होता. जिल्ह्यातल्या सगळ्या लग्नांत आहेर पुकारायचं काम त्याच्याकडं, आणि आवाज असा की शेजारच्या गावातल्या माणसालाही आपण आहेर दिला नाही याची लाज वाटावी.

"आहेर आला हो आहेर!" वसंता गरजला. "जालन्याचे पराध्यापक सर्जेराव उढाण यांच्याकडून नवरदेवाला एक पोथीऽऽ!"

सर्जेरावांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या.

"अरे वसंता, ते..."

पण अप्पाराव मांडवाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत धावत आले. त्यांनी सर्जेरावांना मिठी मारली. "सर! लोकं पातेली देऊन राह्यले, घागरी देऊन राह्यले. पन पोथी? पोथी कुनी दिली न्हाई आजपस्तोर!" त्यांचे डोळे भरून आले होते. सर्जेरावांच्या डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर टॉवेल आला, कपाळाला गुलाल लागला. एवढं झाल्यावर 'ती वस्तू माझी आहे, परत द्या' असं म्हणणारा माणूस त्या गावातून जालन्याला परत पोचला असता, पण कुणाच्या तरी खांद्यावरून.

शिवाय चौथं प्रकरण होतंच की. आपल्याच प्रकरणाविरुद्ध वागायचं?

"पुस्तक कुठंय?" घरी आल्याबरोबर प्रभावतीबाईंनी विचारलं.

"संशोधनात आहे," सर्जेराव म्हणाले.

पण ते डगमगणारे नव्हते. आठ दिवसांनी एक झकपक स्टीलचा डबा घेऊन ते अप्पारावांकडं गेले. बेत सरळ होता. डबा द्यायचा, आणि बोलता बोलता 'दोन दिवस वाचायला' म्हणून पोथी उचलायची.

"पोथी व्हय?" अप्पाराव डबा कौतुकानं न्याहाळत म्हणाले. "ती तर गेली की सर. जालन्याच्या गौतमचंद शेठच्या पोरीचं लगीन होतं. शेठनं दुष्काळात आमाला उधारीवर कपडा दिल्ता. आता त्याच्या घरी टावेल-टोपी घेऊन जाऊ का? चांगली चीज चांगल्या जागी दिली."

"उघडून पाहिली होती का?"

"काय बोलता सर! पोथी उघडायची म्हंजी अंघोळ पाहिजे, उपास पाहिजे. लग्नाच्या गडबडीत कुठून हुतंय?"

सर्जेराव डबा ठेवून परतले. डबासुद्धा आता परत मागता येत नव्हता.

गौतमचंद शेठ कापडाच्या दुकानात गादीवर बसले होते. "आओ सर, बैठो! चहा घ्या." चहा आला, फाफडा आला, नव्या जावयाचा फोटो आला. मग पोथी निघाली. "अरे, क्या बात है वो पोथी की! आमच्या घरवाली संतोषबाईनं पाच दिवस कलशाजवळ ठेवली. दुकानात बरकत आली बराबर! लेकिन सर, चांगली वस्तू दाबून ठेवायची नसते. पिंपळगावला आपलं गिऱ्हाईक आहे, त्याच्या घरी कार्य होतं. देऊन टाकली."

सर्जेराव उठले ते थेट कुंभार पिंपळगावची एस.टी. धरून पुन्हा अप्पारावांच्या दारात.

"या सर! अजून एक डबा आनला का?" अप्पारावांनी विचारलं.

शेठचं पिंपळगाव म्हणजे पिंपळगाव रेणुकाई, हे तिथं चहा पिताना कळलं. एक पिंपळगाव दक्षिणेला, दुसरं पार उत्तरेला. दुसरा एखादा खचला असता. सर्जेरावांना मात्र त्या एस.टी.त, पाठीमागच्या सीटवर, कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसून, विलक्षण आनंद झाला! माळ फिरते आहे! बेटाबेटांवरून फिरते आहे! मराठवाड्यात समुद्र नाही म्हणून काय झालं, राज्य परिवहन आहे! "माझा सिद्धांत सिद्ध झाला!" ते मोठ्यानं म्हणाले. कंडक्टरनं त्यांना तिकीट दुसऱ्यांदा विचारलं.

रेणुकाईच्या पिंपळगावात शेठच्या गिऱ्हाइकाच्या घरी सामसूम. अंगणात म्हाताऱ्या मालनबाई एकट्याच बाजेवर शेवया वाळवत होत्या.

"समदी लग्नाला गेलीत, बाबा. जालन्याला. माझ्या पुतनीच्या पोराचं लगीन हाय."

"आजी, तुमच्याकडं एक लाल पोथी..."

"ती बी नेली. माझा ल्योक म्हनला, नवरीचा बाप लई शिकलेला हाय, त्याला द्यावी. त्यो तिकडं इद्यापीठात पुस्तकं राखतो म्हनं. अन् कुनाला हात लावू देत न्हाई म्हनं. लई कडक!"

सर्जेराव शेवयांच्या बाजेवर बसले. मालनबाईंनी त्यांना उठवलं.

देहाडराय मूळचे जालन्याचे. त्यांच्या लेकीचं, सत्यशीलेचं लग्न जालन्यातच, आणि तेही सर्जेरावांच्या घरामागच्या गल्लीत! पत्रिका महिन्यापूर्वी आली होती. सर्जेराव लग्नांच्या संशोधनात असल्यामुळं लग्न विसरले होते. धुळीनं माखून ते मांडवात शिरले, तेव्हा पहिल्याच पंगतीत प्रभावतीबाई दुसरी जिलबी घेत होत्या.

"कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"आहेर आला हो आहेर!" माइकमागून वसंता गरजला. "पिंपळगाव रेणुकाईकरांकडून व्याह्यांना एक पोथीऽऽ!" मग माइकवर हात ठेवून सर्जेरावांना म्हणाला, "सर, तुमची पोथी लई फिरली. चार येळा मीच पुकारली."

अण्णासाहेबांनी भक्तिभावानं पोथी कपाळाला लावली. सर्जेराव गर्दी कापत त्यांच्या कानाशी गेले.

"अण्णासाहेब, ही पोथी नाही. हा खंड अठरावा आहे."

ग्रंथपालांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग ग्रंथालयाच्या भिंतीसारखा फिकट हिरवा. त्यांनी कापडाचा एक कोपरा उचकला. आत त्यांच्याच हातचा शिक्का.

"म्हणजे खंड ग्रंथपालाच्या हातात पोचला!" सर्जेराव विजयानं म्हणाले. "मुदतीच्या आत! द्या दाखला!"

"हळू बोला!" अण्णासाहेब कुजबुजले. "हा खंड ग्रंथालयात आलेला न्हाई, माझ्या घरी आलेला आहे. मुलाच्या मामानं दिलाय. तो बघा, तिथं मिशा पिळून राह्यलाय. उद्या हा घरात दिसला नाही तर माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागंल, की बापानं आमचा आहेर सरकारजमा केला. प्राध्यापक, ग्रंथालयाचे नियम नोकरीपुरते असतात. सोयऱ्यांचे नियम मरेपर्यंत."

"मग माझा प्रबंध?"

"आहेर पुढं दिलेला चालतो," अण्णासाहेब हताशपणे म्हणाले. "तुमच्या घरी काही कार्य काढा. आम्ही सगळे येऊ. राजरोस देऊ." आणि मुलाचे मामा बघत असल्यामुळं त्यांनी लगबगीनं एक केशरी, जरीकाठाचा फेटा घेतला आणि सर्जेरावांच्या धुळकट डोक्यावर बांधला.

आता कार्य कुठून काढायचं? एक जून तर येऊन ठेपलेला. घरात लग्नाचं कुणी नाही. वडिलांची साठी होऊन गेलेली, वास्तुशांत करावी तर घर भाड्याचं. सर्जेराव फेटा बांधूनच घरात फेऱ्या मारत होते. एकदम थांबले. समोर बेबीनंदा आपल्या बाहुलीला जेवू घालत होती.

"हिचं लग्न लावू!" सर्जेराव गरजले.

"कुणाचं?" प्रभावतीबाईंच्या हातातून पळी पडली.

"बाहुलीचं! शास्त्राच्या दृष्टीनं आहेर महत्त्वाचा, नवरी कोणती हे गौण!"

"माझ्या आईनं बी हाच विचार केला हुता वाटतं, मला तुमच्या घरी देताना," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि पत्रावळी मोजायला लागल्या.

लग्न थाटात झालं. बाहुला गौतमचंद शेठनं दुकानातल्या उरल्यासुरल्या जरीतून शिवून पाठवला. अप्पाराव कुंभार पिंपळगावहून घागर घेऊन आले. वरपक्षाची बाजू त्यांनी इतकी मनावर घेतली की मानपानावरून एकदा रुसूनही बसले. "आम्ही मुलाकडचे! आम्हाला फेटा न्हाई?" घरात फेटा एकच होता. सर्जेरावांनी उदार मनानं स्वतःच्या हातानं तो केशरी फेटा त्यांच्या डोक्यावर चढवला. रुसवा गेला. देहाडराय सोयऱ्याधायऱ्यांसकट हजर झाले आणि वसंतानं पाचव्यांदा तीच पोथी पुकारली. संध्याकाळच्या एस.टी.नं अप्पाराव गावाकडं निघाले, तेव्हा फेट्याचा शेमला खिडकीबाहेर झेंड्यासारखा फडफडत होता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या खिडकीवर सर्जेरावांनी खंड ठेवला. अण्णासाहेबांनी गाठ कात्रीनं कापली. पानं चाळली. एका पानात अक्षता, एका पानात हळद, नकाशावर कुंकू. पण पान एकही फाटलेलं नव्हतं, आणि धूळ तर कुठंच नव्हती.

त्यांनी दाखला लिहायला घेतला. सर्जेरावांची छाती भरून आली. "अण्णासाहेब, पाहिलंत? माझं चौथं प्रकरण शब्द न् शब्द खरं ठरलं! आहेर परत मागता येत नाही! पाच घरं फिरला, पण कुणी मागितला? मीसुद्धा मागितला नाही! आता तो संपादक संदर्भ विचारू दे! जगातला कुठलाही विद्वान येऊ दे! माणूस मरेल, पण दिलेली वस्तू..."

"अगदी बरोबर," अण्णासाहेब म्हणाले. दाखल्यावर मारायला त्यांनी शिक्का उचलला, आणि तसाच हवेत धरून ठेवला. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"सर, एक बारीकशी विनंती होती. लग्नात ऐन वेळी फेटे कमी पडले, म्हणून मेव्हण्याच्या डोक्यावरचा काढून तुम्हाला बांधला होता. तो रोज विचारून राह्यलाय. तेवढा परत आणून देता का?"