किसनरावांच्या रिमची परीक्षा

"माझी सायकल भंगारात जाणार नाय! पाहिजे तर मला न्या!" किसनराव सोसायटीच्या मीटिंगमध्ये गरजले.

पार्किंगमधल्या जुन्या, धोकादायक सायकली रविवारी भंगारवाल्याला द्यायच्या, असा ठराव सेक्रेटरी शर्मिलाताईंनी मांडला होता. याच सायकलवरून किसनराव सव्वीस वर्षं सीवूड्स ते बेलापूर ऑफिसला गेले. ते रिटायर झाले, पण रिमला साधा पोचा नाही. तिला धोकादायक म्हणायचं म्हणजे हद्दच झाली!

"काका, स्टीलची रिम जड असते, गंजते," तिसऱ्या मजल्यावरचा अश्विन म्हणाला. त्याची सायकल नवी कोरी, अलॉय रिमची. "आता अलॉयच टिकतं."

"टिकतं? अरे, तुझी रिम म्हंजे पापड! उद्या सकाळी ये. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवरून दोघंही फुल स्पीडमदी जाऊ. माझी वाकली तर मीच भंगारात देतो. नाय वाकली, तर पुन्हा तिचं नाव काढायचं नाय!"

शर्मिलाताईंनी कपाळाला हात लावला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी किसनरावांनी रिम चमकावी म्हणून दोन्ही चाकांना खोबरेल तेल चोळलं.

"अहो, तेल कशाला?" त्यांच्या बायकोनं, वेणूबाईंनी विचारलं.

"तुला नाय कळायचं."

कळलं किसनरावांनाही नव्हतं. ब्रेक रिमलाच लागतो, एवढी साधी गोष्ट जन्मभर सायकल हाणलेल्या माणसाच्या डोक्यात येऊ नये!

दोघं सुटले. स्पीडब्रेकरच्या तुटक्या कडेवर अश्विनचं चाक आदळलं आणि रिम वाकून तो जागीच थांबला. किसनराव उडाले, आपटले आणि तसेच पुढे गेले. रिम जशीच्या तशी! "बघितलं का रे?" असं ओरडत त्यांनी ब्रेक दाबला. सायकल ऐकेना. पुन्हा दाबला. समोर सोसायटीचं गेट.

धाडकन आवाज झाला. चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे. किसनरावांनी आधी चाक फिरवून पाहिलं. सरळ! गेट मात्र आत वाकलं होतं.

शर्मिलाताई धावत आल्या. "ब्रेक लागला नाही ना, काका? तसं लिहून द्या, विषय संपला. फक्त सायकल धोकादायक ठरेल आणि रविवारी जाईल."

"कोण म्हणतं ब्रेक लागला नाय?" किसनरावांनी धूळ झटकली. "मी मुद्दाम धडकलो. रिमची टेस्ट घेतली!"

"मुद्दाम? मग गेट दुरुस्त होईपर्यंत ते तुम्हीच उघडायचं. आता उचलल्याशिवाय हलत नाही ते."

"आणा कागद!"

"अहो, खोटं कशाला लिहिता?" वेणूबाई कुजबुजल्या.

"गप गं. सायकल वाचली." आणि 'गेटला स्वखुशीने धडक दिली' असं लिहून त्यांनी झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवसापासून किसनराव गेट उचलू लागले. कंबर बोंबलत होती, पण ताठा कायम. अश्विन वाकडं चाक हातात घेऊन दुरुस्तीला निघाला.

"काका, उघडा ना."

किसनराव गेटला पाठ लावून उभे राहिले. "आधी बोल, कोनाची रिम मजबूत?"

"तुमची, काका."

"मोठ्यानं. सेक्रेटरींच्या घरात ऐकू गेलं पाहिजे."