पुठ्ठ्याचं इंजिन

"अगं, जरा येतेस का? माप घ्यायचंय."

ही हाक आली की बायको गॅस बारीक करायची, हात पुसत गॅरेजमध्ये जायची आणि गाडीच्या सांगाड्यात ठेवलेल्या चालकाच्या सीटवर बसायची. कारखानदार टेप घेऊन तिच्याभोवती फिरायचे. स्वतः बसावं तर माप कोण घेणार? आणि टेप तिच्या हाती द्यावा, तर नकाशे काढण्यात हयात गेलेला माणूस दुसऱ्याच्या मापावर विश्वास कसा ठेवणार? एकदा या बसण्यापायी दूध उतू गेलं, एकदा भाजी करपली. दोन्ही वेळा बोलणी तिनंच खाल्ली.

'कारखानदार' हे नाव गल्लीनं ठेवलेलं. कारखाना एकाच गाडीचा, आणि तीही अजून बाहेर पडलेली नाही. गाडी मात्र साधीसुधी नव्हती. बुटकी, लांब नाकाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार, आणि बॉनेट स्वतःच्या हातानं पत्रा ठोकून घडवलेलं. थोरले बंधू घरी आले की गॅरेजमध्ये डोकावून म्हणायचे, "यापेक्षा हातगाडी बरी रे. ढकलली तर जाते तरी." ते वाक्य कारखानदारांच्या जिव्हारी लागलं होतं. एकदा, फक्त एकदाच, ही गाडी स्वतः चालवत बंधूंच्या दारात न्यायची आणि हॉर्न वाजवायचा, एवढ्यासाठीच ते जगत होते. संसार काय, चाललाच होता.

त्यात पेट्रोलच्या जुन्या इंजिनानं दगा दिला. सुरू केल्याबरोबर गल्लीभर धूर केला आणि मान टाकली. मदतीला येणाऱ्या मिस्त्रीनं भंगारात निघालेल्या डिलिव्हरी व्हॅनचं डिझेल इंजिन सुचवलं.

"दणकट आहे साहेब. आपण जाऊ, ते राहील."

"पण बसेल का यात?"

"बसवलं की बसतं."

असल्या बोलण्यावर कारखानदारांचा काडीचा भरवसा नव्हता. त्यांनी आधी पुठ्ठ्याचं इंजिन बनवलं, बोल्टांच्या भोकांसकट, आणि ते सांगाड्यात ठेवून पाहिलं. इंजिन उंच निघालं. बॉनेट मिटेना.

"बॉनेटला भोक पाडू की," मिस्त्री म्हणाला.

"त्यापेक्षा माझ्या डोक्याला पाड."

मग इंजिन खाली घेतलं, तर त्याचा तळ रस्त्याला घासणार. म्हणून मागे सरकवलं, तर इंजिन आणि सीटच्या मधली पत्र्याची भिंत आड आली. भिंत कापली. गिअरबॉक्स आगंतुक पाहुण्यासारखा थेट आत येऊन ऐसपैस बसला. राहिलेल्या जागेत बॅटरी आणि धुराचा पाइप गेला, आणि शेजारची सीट गेली भंगारात.

"अहो, ती माझी सीट होती ना?" बायकोनं विचारलं. "मग मी कुठे बसायचं?"

"आत्ता बसलीच आहेस की. हलू नकोस. पाय पुरतो का पेडलला?"

"पुरतो."

पेडल मागे आलं, स्टीअरिंग जवळ आलं, सीटच्या पाठीला टाकी चिकटली. दर बदलाला कारखानदार विचारायचे, "पुरतो?" आणि ती खरं तेच सांगायची, "पुरतो."

अखेर पुठ्ठा गेला आणि लोखंड आलं. इंजिन ठरल्या जागी असं बसलं की मिस्त्रीनंही तोंडात बोट घातलं. किल्ली फिरवताच ते घुमू लागलं. कारखानदार इस्त्रीचा शर्ट घालून आले, दार उघडलं आणि डावा पाय आत टाकला.

उजव्या पायाला जागाच नव्हती.

कारखानदार चांगले सहा फुटांचे, घरातल्या प्रत्येक चौकटीत मान लववणारे. बायको जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायची. त्यांनी बूट काढून पाहिले, गादी काढून पाहिली. मिस्त्रीनं खांदे दाबले. गुडघा स्टीअरिंगखाली अडकला तो अडकलाच.

"सीट मागे घे!"

"मागे टाकी आहे साहेब. ड्रॉइंग तुमचंच."

"मग हे माप कुणाचं आहे रे?"

मिस्त्रीनं वहिनींकडे पाहिलं.

दोघांनी ओढून कारखानदारांना बाहेर काढलं. इंजिन चालूच होतं. बायको म्हणाली, "डिझेल जळतंय फुकट. मी एक चक्कर मारून आणते."

तिला गाडी येत होती. लग्नाआधी शिकली होती, नंतर कुणी विचारलं नाही. ती सवयीनं सीटवर बसली. सगळं तिच्या हाताशी आणि पायाशी होतं. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वळायचा दिवा लागला, आणि दिसेनाशी झाली.

ती परतली तेव्हा ऊन कलून गेलं होतं. केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की तो आपण कधी दिला होता हे कारखानदारांना आठवेना. त्यांच्या तोंडाला कडू चव आली. सरळ सांगायचं तर त्यांना बायकोचा हेवा वाटला.

"होतीस कुठे?"

"भाऊजींकडे. हॉर्न वाजवला. धावत बाहेर आले."

"काय म्हणाला दादा?"

"म्हणाले, शाब्बास! तुम्हीच मनावर घेतलंत म्हणून झाली. त्याच्याच्यानं कसली होते?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? मोठ्यांना उलट बोलू नये, असं तुम्हीच सांगता."

कारखानदारांनी कटर उचलला. "उतर खाली. टाकी काढतो, सीट मागे घेतो. सगळं पुन्हा करतो."

तिनं इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत धरली. "याला हात लावायचा नाही. इतकी वर्षं त्या सीटवर बसले मी. कुठे जायचंय, असं एकदा तरी विचारलंत? तुम्हाला हवी तर दुसरी बांधा."

ती घरात गेली. मिस्त्रीनं हत्यारं गोळा केली आणि तो निघून गेला.

कारखानदार स्टुलावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी कोरा कागद पसरला, टेपचं एक टोक टाचेखाली दाबलं आणि दुसरं कमरेशी धरलं. आकडा वाचायला वाकले की माप बदलायचं. ताठ झाले की आकडा दिसायचा नाही.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा येतेस का?"

आतून दाराला कडी लागल्याचा आवाज आला.