चार बोटे कमी पडलेल्या पिशवीची हकीकत

श्रीगजाननास आणि शिलाईच्या सुईस नमन असो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष वद्य प्रतिपदा, रविवार, ते दिवशी तिसऱ्या मजल्यावरील राज्यात जो प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहिला असे. राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. मुलूख म्हणाल तर तीन खोल्या आणि एक गॅलरी. राजेसाहेब व मातुश्री त्या दिवशी परगावी लग्नास गेले होते, सबब सारा कारभार दोघींवर होता. एक राजकन्या अन्विताबाई, वय वर्षे एकोणीस, बोटे लांब आणि जीव सशाचा. दुसऱ्या शकुंतलाआत्या, राजेसाहेबांच्या थोरल्या भगिनी, ज्यांनी चाळीस वर्षे लोकांचे कपडे शिवोन नाव मिळविले आणि मापाची फीत कधी हाती धरिली नाही.

मोहीम ऐसी की, शहरात वेषस्पर्धा भरली होती. तरुण मंडळी चित्रकथांतील पात्रांची सोंगे घेऊन मंचावर जातात, त्यास हल्लीची प्रजा कॉस्प्ले म्हणते. अन्विताबाईंची जिवलग मैत्रीण शाल्मली, ती तलवारबाज होणार, आणि अन्विताबाई तिची वैद्या होणार, आणि वैद्येच्या खांद्यास औषधांची पिशवी हवी. स्पर्धा भरविणाऱ्या मंडळाचा नियम कडक, की हातातील वस्तू घरच्या सामानाचीच पाहिजे, विकत आणलेली दिसली की जोडी बाद. मागील साली अन्विताबाईंनी ऐन वेळी "ताप आलाय" म्हणोन निरोप धाडिला होता. ताप कसला, मंचाची धास्ती. शाल्मली एकटी उभी राहिली, लोक हसले, मग आठ महिने दोघींत अबोला जाहला. पुढे दिवाळीस शाल्मलीचा निरोप आला, की पुन्हा एकदा बघू, पण या वेळी नाही आलीस तर परत फोन करू नकोस. अर्ज भरणे शाल्मलीकडे, पिशवी करणे अन्विताबाईंकडे, ऐसी वाटणी ठरली. पिशवी हे निमित्त होते. पणास लागली होती ती मैत्री.

मग तयारी मोठी केली. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा आणि फाटकी योगाची चटई कापोन अन्विताबाईंनी आतला सांगाडा उभा केला, आणि राजेसाहेबांचा जुना पट्टा खांद्यास लावावयास घेतला, आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत हळदीचे व कुंकवाचे पाणी भरोन औषधे सिद्ध केली. वरचे कव्हर आत्यांनी शिवावे ऐसे ठरले. अडगळीतील सोफ्याचे तपकिरी रेग्झिन निघाले, तेवढेच. आत्यांनी विचारिले, "लांबी केवढी?" अन्विताबाईंनी हात पसरोन सांगितले, "दोन वीत." आत्यांनी आपल्या हाताने दोन विती मोजिल्या आणि कात्री चालविली, आणि उरले त्यातून झाकण काढिले, आणि एक चिंधीही शिल्लक ठेविली नाही. कोणाची वीत, हे दोघींपैकी एकीनेही विचारिले नाही. घरोघरी ऐसेच चालते.

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता कव्हर सांगाड्यावर चढवावयास घेतले, तो चढेना. ओढोन पाहिले, दाबोन पाहिले. चार बोटे कमी. आत्यांचा हात चिमुकला, अन्विताबाईंची बोटे लांब, एका वितीस दोन बोटांचा फरक, दोहोंस चार. सांगाडा कापावा तर बाटल्या मावत नाहीत. रेग्झिन संपलेले. शाल्मली साडेदहास खाली येणार आणि अकराचे आत मंडळात हजर होणे. अन्विताबाईंनी फोन उचलिला आणि "पोट बिघडलंय, जमणार नाही" ऐसे लिहोन काढिले, आणि अंगठा धाडण्याच्या खुणेवर ठेविला. आत्या चष्म्यावरोन पाहत होत्या. म्हणाल्या, "एक विचारते, खरं सांग. पिशवी बसत नाही म्हणून जायचं नाही, का जायचंच नव्हतं आणि पिशवी सापडली?"

अन्विताबाईंनी अंगठा खुणेवरोन उचलिला. मग बोलिल्या, "मला भीती वाटते, आत्या. सगळे बघतात." आत्या म्हणाल्या, "वाटणारच. चूक माझी आहे, वीत मी माझी घेतली. ती निस्तरायचं मी बघते. तुझी भीती मात्र मला शिवता येत नाही, ती तुझी तू बघ." ऐसे बोलोन त्या मशीनपाशी जाऊन बसल्या. अन्विताबाईंस रडू आले, आणि रडत रडतच त्यांनी लिहिलेला निरोप पुसोन टाकिला आणि विचारिले, "काय करायचं?" आत्या बोलिल्या, "कळ्या घालायच्या. कुर्त्याला घालतो तशा, दोन्ही अंगांनी. लादी पुसायची जीन्स आण, ती धुतलेली आहे." मग जीन्सच्या दोन पट्ट्या कापिल्या, आणि निळा रंग दिसो नये म्हणोन तपकिरी बूटपॉलिश चोळिले, आणि रेग्झिन मशीनच्या पायाखाली चिकटो नये म्हणोन पावडर लाविली. पहिली कळी बसली तेव्हा पावणेदहा जाहले. दुसरीस सुई मोडली. दुसरी सुई घातली, तीही मोडली, आणि डबीत तिसरी नव्हती. आत्यांनी तोंडातल्या तोंडात एकच शब्द काढिला, तो येथे लिहिण्याजोगा नाही. मग गोधडीचे दोन दाभण काढोन एका अंगाने आत्या आणि दुसऱ्या अंगाने अन्विताबाई, ऐसे हाताने टाके घालीत चालिल्या. बोटांस रक्त आले, ते पॉलिशात मिसळोन गेले. खाली स्कूटरचा भोंगा वाजला तेव्हा दोन टाके उरले होते. आत्या म्हणाल्या, "जा, दिसत नाहीत."

अन्विताबाई तीन जिने उतरोन खाली आल्या. शाल्मली स्कूटरवर तलवार पाठीस बांधोन बसली होती. तिने वर पाहिले आणि तिचा चेहरा पडला. "आलीस?" "आले." शाल्मली पिशवीकडे पाहत म्हणाली, "तुला सांगायला हवं. मी काल फॉर्म भरला तो एकटीचा भरला. मला वाटलंच नाही तू येशील." अन्विताबाईंस परत जिना चढोन जावे ऐसे वाटले, आणि आता तर जावयास हक्काचे कारणही मिळाले होते. परंतु त्या म्हणाल्या, "बरोबर केलंस. मीही तसंच केलं असतं," आणि मागे बसल्या.

मंडळाच्या टेबलावरील गृहस्थाने यादी उलटी सुलटी पाहोन सांगितले, की नावे घेणे काल सायंकाळी बंद जाहले, आता नवे नाव चढणार नाही, सामान धरावयास एक मदतनीस आत सोडितो, त्याची नोंद नसते. शाल्मली भांडावयास निघाली, तिला अन्विताबाईंनी आवरिले. मग पुकारा एकाच नावाचा जाहला आणि दोघी मंचावर गेल्या. दिवे डोळ्यांवर आले, समोर काळोखात माणसे किती ते कळेना. परीक्षकबाईंनी पिशवी हाती घेतली, उलटी करोन कळीवर बोट ठेविले आणि पुसिले, "हे जोड कशाचे?" शाल्मली उत्तर देणार, इतक्यात अन्विताबाई आपणच बोलिल्या, "माप चुकलं होतं आमचं. चार बोटं कमी पडली." सभागृहात हशा पिकला. परीक्षकबाईंनी हातातील कागद पाहिला आणि म्हणाल्या, "तुझं नाव नाही इथे." अन्विताबाईंनी माईक जवळ ओढिला आणि सांगितले, "माझं नाव अन्विता. मागच्या वर्षी मी आले नव्हते." शाल्मलीने सर्वांदेखत तिचा हात धरिला, आणि उतरेपर्यंत सोडिला नाही.

येणेप्रमाणे मोहीम पार पडली. बक्षीस कागदी पंखवाल्या एका मुलास मिळाले, आणि मंडळाच्या दप्तरात अन्विताबाईंचे नाव आजही नाही. लिहिणाराने ते येथे लिहोन ठेविले आहे. लेखनसीमा.